शिक्क्यातले गाव

दिवाळीला पंधरा-वीस दिवस उरले की व्यापारी घरांतील माळे उघडतात. नव्या वह्यांचे पूजन व्हावयाचे असते. तेव्हा जुन्यांनी जागा मोकळी करून देणे भाग पडते. लाल कापडात बांधलेली बासने, सुतळीने आवळलेली पत्रांची पुडकी, तारेत ओवलेल्या पावत्या, मुंबईच्या आडत्यांनी पाठविलेली भावपत्रके, असा तीन-चार पिढ्यांचा कागद खाली उतरतो. त्यातील किती ठेवावयाचा आणि किती रद्दीत घालावयाचा, याचा निर्णय बहुधा अर्ध्या तासात होतो आणि तो घरातील सर्वांत घाईत असलेल्या माणसाकडून होतो. घरात एखाद्या मुलाला तिकिटांचा नाद असला तर त्याला हाक मारून 'तुला हवी ती तिकिटे काढून घे' असे सांगण्यात येते. मूल कात्री घेऊन बसते, तिकिटे कापते, रात्री ती पाण्यात भिजवून सोडवते आणि वहीत चिकटवते. उरलेली पाकिटे सकाळी रद्दीवाल्याच्या तराजूत जातात.

यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. मुलाच्या नादाला घरच्यांनी उत्तेजनच दिलेले असते. परंतु जुन्या टपालाच्या अभ्यासकाला विचारले तर तो सांगेल की, त्या रात्री त्या पुडक्यातील सर्वांत मोलाची वस्तू नाहीशी झाली. ती वस्तू म्हणजे अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर उमटलेला टपालखात्याचा शिक्का. तिकिटाची किंमत त्याच्यावर छापलेली असते. ते कोठे वापरले गेले हे मात्र शिक्काच सांगतो. परदेशांतील टपालघरांच्या जुन्या पत्रांचा जो संग्रह जगभर केला जातो, त्याचा सारा पाया या एका गोष्टीवर आहे.

एकच तिकीट, अनेक बंदरे

१ ऑक्टोबर १८५४ रोजी सर्व हिंदुस्थानात चालणारी टपाल तिकिटे विक्रीस आली. राणी व्हिक्टोरियाचे मुख असलेले अर्ध्या आण्याचे निळे तिकीट पाव तोळ्याच्या पत्राला पुरे. मग ते पत्र देशात कितीही दूर जावो. ही तिकिटे इतक्या मोठ्या संख्येने छापली गेली की, केवळ जुनी म्हणून त्यांना फार भाव येत नाही.

परंतु तीच तिकिटे हिंदुस्थानच्या हद्दीबाहेरही विकली जात. आगबोटी आणि व्यापार जेथवर गेला, तेथवर हिंदी टपालखाते गेले. सिंगापूर, पेनांग आणि मलाक्का ही बंदरे १८६७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या कारभारात होती. तेथील पत्रांवर हिंदी तिकिटे लागत. १८६२ मध्ये इराणच्या आखातातील टपालाचा मक्ता आगबोट कंपनीस मिळाल्यावर त्या किनाऱ्यावर टपालघरे निघू लागली. मस्कत आणि बुशहर येथे १८६४ मध्ये, बंदर अब्बास येथे १८६७ मध्ये, बसरा आणि बगदाद येथे १८६८ मध्ये हिंदी टपालघरे सुरू झाली. बहरीनची पाळी १८८४ मध्ये, दुबईची १९०९ मध्ये आणि कुवेतची १९१५ मध्ये आली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांझिबार बेटावर १८६८ च्या अखेरीस टपालघर निघाले, वर्षभरात ते बंद पडले आणि १ ऑक्टोबर १८७५ रोजी पुन्हा उघडले. तिबेटात ग्यांत्से, फारी आणि यातुंग या व्यापारी मार्गावरील गावांत तर स्वातंत्र्यानंतरही भारतीय टपालघरे चालू होती. १९५४ च्या ज्या करारात पंचशीलाचा उच्चार झाला, त्याच करारानुसार १९५५ मध्ये ती चीनच्या हवाली करण्यात आली.

मराठी माणसाला यांतील सर्वांत परिचित नाव एडनचे असावे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना १८८० मध्ये तेथे बंदिवासात पाठविण्यात आले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. १८३९ मध्ये इंग्रजांनी घेतलेले हे बंदर १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होते. १८५४ पासून १९३७ पर्यंत, म्हणजे त्र्याऐंशी वर्षे, एडनला स्वतःचे तिकीट नव्हते. तेथे हिंदी तिकिटेच वापरली जात.

मग कारंज्याच्या टपालघरात विकलेले अर्ध्या आण्याचे तिकीट आणि एडनला विकलेले तिकीट यांत भेद कसा ओळखावा? तिकिटात भेद नाहीच. भेद आहे तो शिक्क्यात. प्रारंभीच्या काळात प्रत्येक टपालघराला क्रमांक दिलेला असे. एडनच्या शिक्क्यात १२४ हा आकडा आढळतो. सिंगापूरच्या शिक्क्यात इंग्रजी 'बी' या अक्षराबरोबर १७२, पेनांगच्या १४७ आणि मलाक्काच्या १०९ हा आकडा असतो. तिकीट तेच, रंग तोच. परंतु मलाक्काचा शिक्का सिंगापूरच्या मानाने क्वचित दिसतो, म्हणून त्याला किंमत अधिक. एकाच जातीची रुई कोणत्या पेठेतून आली यावरून तिचा भाव ठरावा, तसाच हा प्रकार आहे.

पाकीट वाचावे कसे

टपाल-इतिहासाचा अभ्यासक पाकीट प्रथम उलटून पाहतो. पुढच्या बाजूला तिकीट, पत्ता आणि निघाल्याचा शिक्का असतो. मागच्या बाजूला वाटेतील आणि पोहोचल्याचे शिक्के असतात. ते तारखांच्या क्रमाने लावले की पत्राचा प्रवास उलगडतो. १८६८ पासून मुंबई आणि सुएझ यांच्या दरम्यान धावणाऱ्या बोटींवर चालते टपालघर असे. बोट समुद्रात असतानाच कर्मचारी पत्रांची गावनिहाय वाटणी करीत आणि 'सी पोस्ट ऑफिस' असा शिक्का मारीत. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर युरोपचा मार्ग आणखी सोपा झाला. १ जुलै १८७६ रोजी हिंदुस्थान जागतिक टपाल संघात सामील झाल्यानंतर परदेशी पत्रांच्या दरातील गुंतागुंतही कमी झाली. हे सारे बदल पाकिटावर दिसतात. कोणत्या साली किती आण्यांची तिकिटे लागली आणि पत्राला किती दिवस लागले, हे पाहून त्या काळच्या व्यापाऱ्याला बाजारभावाची बातमी किती शिळी होऊन मिळत असे, याचा अंदाज येतो.

वऱ्हाडाच्या पेठांना हे विशेष लागू पडते. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने हिंदी कापसाला एकाएकी भाव आला. १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंद लोहमार्ग कारंज्यावरून गेला. गाठी मुंबईस जात, आणि मुंबईच्या पेढ्यांचे संबंध लिव्हरपूलपासून एडनपर्यंत आणि शांघायपासून झांझिबारपर्यंत पसरलेले असत. कच्छ, हालार वा काठियावाडातून वऱ्हाडात आलेल्या कित्येक घरांचे आप्त त्याच काळात पूर्व आफ्रिकेस गेले. अशा घरांच्या पुडक्यांत परमुलखातील एखादे पत्र सापडणे मुळीच अशक्य नाही.

परमुलूख तरी किती दूर असावा लागतो? वाशीमहून हिंगोली सुमारे पन्नास किलोमीटर. वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे होता, तर हिंगोली निजामाच्या राज्यात होती. निजामाच्या राज्याने १८६९ मध्ये स्वतःची तिकिटे काढली. ती राज्याच्या हद्दीतच चालत आणि हद्दीबाहेरच्या पत्राला हिंदी तिकीट लागे. १९५० मध्ये संस्थानांची टपालखाती भारतीय टपालात विलीन होईपर्यंत वाशीम आणि हिंगोली या दोन शेजारी पेठांच्या मध्ये टपालाची सीमा होती. ज्यांच्या आजोबा-पणजोबांचा व्यवहार रिसोड, वाशीम, सेनगाव, हिंगोली असा चाले, त्यांच्या माळ्यावर या सीमेच्या खुणा असू शकतात. शिक्का वाचताना एक गोष्ट ध्यानात असावी: इंग्रजी कागदपत्रांत वाशीमचे नाव 'बासिम' असे लिहिले जाई. त्या नावाचा जिल्हाही होता. तो १९०५ मध्ये अकोल्यात मिळाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा नव्याने अस्तित्वात आला.

शिक्का महाग, म्हणून खोटाही

परदेशी टपालघरांची प्रथा केवळ हिंदुस्थानची नव्हती. शांघायमध्ये ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, रशिया, जपान आणि अमेरिका या सहा देशांची टपालघरे एका शहरात चालत; १९२२ च्या अखेरीस चीनमधील बहुतेक परकी टपालघरे बंद झाली. तुर्कस्तानच्या साम्राज्यातील परकी टपालघरे १९१४ मध्ये बंद झाली. बसरा-बगदादची हिंदी टपालघरेही त्याच वेळी मिटली. झांझिबारला काही काळ हिंदी, फ्रेंच आणि जर्मन अशी तीन टपालघरे नांदली. १८९५ मध्ये तेथील हिंदी टपालघर ब्रिटिश पूर्व आफ्रिकेच्या कारभाराकडे गेले आणि हिंदी तिकिटांवर बेटाचे नाव तेथल्याच छापखान्यात छापून ती वापरात आणली गेली. घाईने जुळविलेल्या त्या टंकांत 'झांझिबार'च्या जागी 'झांझिदार' असे छापले गेलेली काही तिकिटे आज संग्राहकांत विख्यात आहेत.

आखातात तर राजवट पालटल्यावरही व्यापाराची सवय टिकली. फाळणीनंतर मस्कत आणि दुबई येथील टपाल काही महिने पाकिस्तानकडे होते. १ एप्रिल १९४८ रोजी ते ब्रिटनकडे गेले, तेव्हा ब्रिटिश तिकिटांवर आणे आणि रुपये छापून ती विकावी लागली. कारण तेथील बाजार रुपयातच हिशेब करीत होता.

अशी पत्रे आज लंडन, न्यूयॉर्क आणि मुंबई येथील लिलावांत विक्रीस येतात, आणि घरबसल्या बोली लावता येते. येथे व्यापारी घराला उपजत असलेली सावधगिरी कामास येते. जेथे तिकीट स्वस्त आणि शिक्का महाग, तेथे साध्या तिकिटावर खोटा शिक्का मारण्याचा मोह कोणाला तरी होणारच. परंतु खोटा शिक्का मारणाऱ्याला इतिहास पाठ असतोच असे नाही. झांझिबारच्या हिंदी टपालघराचा १८७२ चा शिक्का समोर आला तर तो खोटा समजावा. कारण त्या साली ते टपालघर बंद होते. बहरीनच्या हिंदी टपालघराची १८८० ची तारीख किंवा कुवेतची १९०५ ची तारीख हीदेखील अशीच कसोटीला उतरणार नाही. शिक्क्याची शाई तिकिटावरून पाकिटावर सलग उतरली आहे काय, लावलेली तिकिटे त्या वेळच्या दराशी जुळतात काय, मागील शिक्क्यांच्या तारखा पुढच्या तारखेशी सुसंगत आहेत काय, हे तीन प्रश्न प्रत्येक पाकिटाला विचारावेत. मोठी रक्कम गुंतत असेल तर मान्यताप्राप्त तज्ज्ञाचे प्रमाणपत्र मागावे, आणि ते देण्यास विक्रेता का-कू करील तर व्यवहार तेथेच थांबवावा.

विकणाऱ्यानेही एक कायदा माहीत करून घ्यावा. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने ऐतिहासिक मोलाचे हस्तलेख व दस्तऐवज खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाहीत. घरातील जुना कागद या व्याख्येत बसतो किंवा कसे, याची अधिकृत चौकशी केल्याखेरीज परदेशी लिलावाकडे पार्सल रवाना करू नये.

संग्रहाला मर्यादा

संग्रह हा शब्द आला की परिग्रहाचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. जगातील सर्व तिकिटे मिळवू पाहणारा शेवटी ढीग जमवितो आणि त्याचा लोभ वाढत जातो. अनुभवी संग्राहक आरंभीच स्वतःला मर्यादा घालून घेतात. कोणी केवळ एडनचे शिक्के जमवितो, कोणी एका मार्गावरील सागरी टपाल, तर कोणी आपल्या गावातून परदेशी गेलेली पत्रे. या नादाचे खरे फळ अशा परिमाणातच मिळते. कारण थोड्या वस्तूंचा सखोल अभ्यास करता येतो, आणि दहा पाकिटांचा नीट लावलेला क्रम हजार सुट्या तिकिटांहून अधिक सांगून जातो.

मर्यादेचा दुसरा प्रश्न वाटणीच्या वेळी उभा राहतो. चार भावांत दुकान, शेत आणि घर वाटले जाते, तसेच पत्रांचे पुडकेही चार ठिकाणी वाटले गेले तर त्याचा अर्थ नाहीसा होतो. खतावणीची पाने चौघांनी वाटून घेतली तर कोणालाच हिशेब लागणार नाही. पत्रांचेही तसेच आहे. त्यापेक्षा पुडके एकाच्या स्वाधीन करून त्याची यादी करावी, आणि छायाचित्रे सर्वांकडे ठेवावीत. पत्रांत कोणाचे कर्ज, कोणाचा आजार, कोणाच्या सोयरिकीतील बोलणी असतात. ते घराचे धन आहे. पाकीट विकण्याचा प्रसंग आला तरी आतील मजकूर कोणाच्या हाती द्यावयाचा, हा निर्णय सर्वांनी मिळून घ्यावा. फार जुन्या काळी तर स्वतंत्र पाकीटच नसे. पत्राचाच कागद घडी घालून, चिकटवून पाठवीत. तेथे पत्र दिल्याशिवाय शिक्का देताच येत नाही.

आणि मजकूर मोडीत, महाजनीत किंवा जुन्या गुजरातीत असल्यामुळे घरात कोणालाच वाचता येत नाही, एवढ्या कारणाने तो टाकून देऊ नये. याचे उत्तम उदाहरण वाशीम जिल्ह्यातच आहे. कारंज्याच्या जैन मंदिरांतील ग्रंथभांडारांत शेकडो वर्षांच्या पोथ्या कापडात बांधून ठेवलेल्या होत्या. त्यांतील अपभ्रंश भाषा सामान्य भाविकाला उमगत नव्हती; तरी पिढ्यान् पिढ्या त्या जपल्या गेल्या. रायबहादूर हीरालाल यांच्या १९२६ च्या हस्तलिखित-सूचीने त्यांच्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे कारंजा ग्रंथमालेतून डॉ. प. ल. वैद्य यांनी 'जसहरचरिउ' आणि डॉ. हीरालाल जैन यांनी 'णायकुमारचरिउ' संपादित केले, आणि दहाव्या शतकातील महाकवी पुष्पदंत अभ्यासकांपुढे आला. ज्यांनी त्या पोथ्या जपल्या त्यांना त्या वाचता येत होत्याच असे नाही. त्यांनी फक्त त्या फेकल्या नाहीत.

माळा उघडताना

व्यापारी पत्र म्हणजे पोथी नव्हे, हे खरेच. परंतु जपण्याची रीत फारशी निराळी नाही, आणि तिला खर्चही थोडा लागतो. पुडके सोडताना ते ज्या क्रमाने बांधलेले आहे तो क्रम मोडू नये. तिकीट कापू नये, भिजवू नये. पाकिटाला चिकटपट्टी लावू नये, ते लॅमिनेट करू नये, त्यावर पेनाने काही लिहू नये. गंज धरलेल्या टाचण्या अलगद काढाव्यात. आम्लविरहित कागदी पाकिटांत एकेक पत्र उभे ठेवावे आणि पावसाळ्यात दमटपणा व कसर यांपासून जपण्यासाठी कपाट भिंतीपासून थोडे दूर असावे. प्रत्येक पत्राच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. मागची बाजू विसरू नये. शंका आली तर नागपूर वा मुंबईच्या मुख्य टपाल कार्यालयातील तिकीट-संग्रह विभागात किंवा जाणत्या संग्राहकाकडे ती छायाचित्रे प्रथम दाखवावीत. मूळ कागद घराबाहेर नेण्याची घाई नको.

ज्या मुलाच्या हाती कात्री दिली जाते, त्याच्या हाती भिंग दिले तर काय होते, हे एकदा पाहावे. ते मूल शिक्क्यातील अर्धवट अक्षरे जुळवील, नकाशा काढील, मस्कत कोठे आणि एडन कोठे हे शोधील. आणि मग आजोबांना विचारील की, आपल्या पेढीचा कागद तेथून कसा आला. त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारे एखादे वडीलधारे माणूस अनेक घरांत अजून आहे. पुढील दिवाळीला माळा पुन्हा उघडेल, तेव्हा ते असेलच असे सांगता येत नाही. म्हणून यंदा पुडके खाली आले की रद्दीवाल्याच्या आधी त्यांना बोलवावे.